फोटोतल्या नीलाताई

माझ्याबरोबर चढाईला येणाऱ्या नीलाताईंनी दोर धरला होता म्हणून मी आज हे लिहायला आहे. रविवारी सुळका चढताना माझा पाय सुटला आणि मी पडता पडता अधांतरी थांबलो, कारण खाली उभ्या ताईंनी दोर आवळला होता.

आज पेपरात फोटो आलाय. मी कातळाला चिकटलेलो, ताई खाली, मान वर करून उभ्या. खाली छापलंय, ‘दोराला धरून सुळका चढणारा तरुण आणि त्याच्याकडे कौतुकाने पाहणारी पर्यटक महिला.’ दोर धरून कुणी चढत नाही, तो पडलो तर सावरायला असतो. पण वार्ताहराला हे कसं कळावं? मला राग आला नाही. पुण्यात आल्यापासून आत सगळं बधिरच आहे, धास्ती तेवढी जागी असते.

सांभाळणारी माणसं लांबून रिकामी उभी असल्यासारखीच दिसतात. नववीतून शाळा सोडून पुण्याला निघालो तेव्हा एसटी स्टँडवर आईही तशीच उभी होती.

फोटो बघून तिचा अकोल्याहून फोन आला. “अन् हे बाई नुसतीच उभी हाय का रे?”

ताईंचं खरं काम सांगायचं तर मी पडल्याचंही सांगावं लागणार होतं. तरी सांगितलं.  ती म्हणाली, “तिले एकदा घरी जेवाले घेऊन ये.”

ताईंना पेपर दाखवला, तर त्या हसल्या. “बघतच तर होते रे. नजर हलवून चालतंय होय?”

ताई, कधीतरी तुम्ही चढाल आणि दोर माझ्या हातात असेल. तुम्ही वर पोचेपर्यंत मी दुसरीकडे बघणार नाही.