चौथ्या कोपऱ्याची खळ

आई गेली तेव्हा गोधडीचे एकोणचाळीस तुकडे चिकटवून झाले होते. त्यांतले अकरा शिवलेले होते. एकूण छप्पन्न लागणार होते. उरलेले सतरा कापून, चिंधीने बांधून, पत्र्याच्या पेटीत ठेवलेले सापडले.

ही मोजणी मी तिच्या दहाव्यानंतर केली. बावीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केल्यामुळे घरात काही घडलं की आधी मोजायची सवय लागली आहे. आमच्या जिल्ह्याची आवृत्ती बंद झाल्यावर मी तापीकाठच्या घरी परतलो होतो. बायको नाशकात नोकरीला, महिन्यातून दोनदा येते. घरात आबा, म्हणजे माझे वडील, आणि मी.

आई गोधडी खळीवर जोडायची. गव्हाच्या पिठाची पातळ खळ शिजवायची, साडीच्या तुकड्याची कड पाव इंच आत दुमडायची, दुमडीखाली खळीचं बोट फिरवायचं आणि शेजारच्या तुकड्याच्या कच्च्या कडेवर ती कड अंगठ्याने दाबायची. वाळली की धावदोरा घालायचा. खाली अस्तराला आबांची जुनी धोतरं. पेटीतली गोधडी उचलून उजेडात तिरकी धरली तेव्हा प्रत्येक कडेवर वाळलेल्या खळीत अंगठ्याचे ठसे दिसले. तिच्या डाव्या अंगठ्यावर विळ्याची जुनी जखम होती. प्रत्येक ठशातून एक आडवी रेघ गेलेली होती.

फुई, म्हणजे आबांची बहीण, गावातच दोन गल्ल्या सोडून राहते. तिने गोधडी पाहिली आणि हात मागे घेतला.

"हाई अधुरी घरमा ठेवू नको, भाऊ. अधुरी गोधडी घरमा ऱ्हायनी तं जानारीना पाय घरमाच ऱ्हास."

अधुऱ्या गोधडीमुळे गेलेलीचा पाय घरातच अडकतो, असं आमच्याकडे मानतात. गोधडी अर्धी टाकून बाई गेली तर वर्षश्राद्धाच्या आत ती कोणीतरी पुरी करायची, नाहीतर तापीत सोडायची. पुरी करायचं काम लेकीचं. आईला लेक नव्हती.

"मंग मी करसू," मी म्हणालो.

फुई हसली. "तू? तुले तं बटन लावता येस नही."

आबा ओट्यावर बसले होते. ते उठून आत गेले. हे मी त्या वेळी पाहिलं, पण नोंदलं नाही.

काम मी दिवाळीनंतर हाती घेतलं. आईच्या साड्या इतक्या विरलेल्या होत्या की टाचणी घातली की भोक पडे आणि कच्चा टाका घातला की कापड दोऱ्यासोबत ओढलं जाई. चिकटवण्याशिवाय मार्ग नव्हता, आणि चिकटवणं मला येत नव्हतं. शहाद्याला बसस्टँडमागे एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत एक बाई गोधडीचा वर्ग घेतात, असं कळलं. मंगळवार आणि शुक्रवार. वर्गात सहा बायका होत्या, सातवा मी.

पहिल्या दिवशी बारीक तोंडाच्या बाटलीतला पांढरा डिंक हातात दिला. मी कडेवर चांगला भरपूर ओतला.

"पोस्टर नही चिटकाडनं शे, भाऊ," शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या. "मुंगी चालस तेवढी रेघ."

दुसऱ्या दिवशी सुई आली. शेजारची बाई थोडा वेळ माझ्याकडे बघत होती. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भाऊ, सुई धरेल शे का विंचू धरेल शे?"

खोली हसली. मीही हसलो. त्यानंतर मला कोणी परकं धरलं नाही.

ताईंची रीत नेमकी होती. कागदाचा साचा कापडामागे ठेवायचा, कड त्यावर मोडायची, डिंकाची रेघ, वर गरम इस्त्री तीन मोजेपर्यंत. इस्त्री सरकवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. कड सरळ बसते, टाका आपोआप सरळ जातो. शेवटी सगळीकडून गोट लावायचा. गोटाची पट्टी आधी एका बाजूने शिवायची, मग उलटून मागच्या बाजूला चिकटवायची आणि कोपऱ्यावर घडी मोडून पुन्हा इस्त्री. "चिटकाडेल तेवढ्यापुरतं," ताई म्हणत. "टाका उना का खळनं काम सरी गय. मंग गोधडी धोई टाकनी. खळ ऱ्हायनी तं कसर लागस." कसर म्हणजे कापड खाणारी कीड.

पांढऱ्या डिंकाने आईच्या साड्या कडक पडत होत्या, म्हणून मी खळीवर आलो. ती शिजवायलाही ताईंनीच शिकवलं. चमचा उलटा धरून बोटाने मध्ये रेघ ओढायची. रेघ बुजली नाही तर खळ झाली.

घरी मी पुढच्या खोलीत खाटेवर फळी टाकून काम मांडलं. वर्गाच्या दिवशी सकाळी चार तुकडे चिकटवायचे, इस्त्री ठेवायची, साडेदहाची बस धरायची, चारला परत. पहिल्यांदा इस्त्री आईच्या जुन्या कडेवर ठेवली तेव्हा वाफेबरोबर मिसरीचा वास आला. ती सकाळी मिसरी लावायची आणि त्याच हाताने कामाला बसायची. वास दोन-तीन श्वास टिकला. मी इस्त्री पुन्हा ठेवली. पुन्हा आला, थोडा कमी. तिसऱ्यांदा ठेवली नाही.

त्या मंगळवारी परत आलो तर चारपैकी दोन तुकडे सुटलेले होते. कड उलगडून सपाट झालेली, जशी चिकटवण्याआधी होती तशी. खळ पातळ झाली असेल, असं मी धरलं. शुक्रवारी तीन सुटले. तेव्हा थंडी कोरडी होती, हवेत ओल नव्हती. तीच खळ, तोच तुकडा वर्गात नेऊन ताईंना दाखवला. त्यांनी कड नखाने ओढून पाहिली.

"हाई तं पक्की शे."

मी वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली. कोणता तुकडा, किती वाजता चिकटवला, किती वाजता सुटलेला दिसला. तीन आठवड्यांनी वहीतून एवढंच निघालं: मी घरी असतो त्या दिवशी काहीही सुटत नाही. घर रिकामं असतं त्या दिवशीच सुटतं.

हे मी फुईला सांगायला नको होतं. तिने लुगड्याचा पदर तोंडावर घेतला.

"ती येस," ती म्हणाली. "तुना टाका तिले पसंत नही पडत. तिनी गोधडी, तिनाच हात पाहिजे."

"फुई, असं काही नसतं."

"नसतं तं नसतं. मी कोठे सांगस का असतं?" आणि उंबऱ्यात थांबून म्हणाली, "गोधडीना बाजूले पानीना तांब्या ठेवत जा."

तांब्या मी ठेवला नाही. पण त्यानंतर दुपारी कुलूप न लावलेल्या त्या घराकडे वळताना मी गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबू लागलो. खोलीत शिरलो की पहिल्यांदा फळीकडे बघायचं नाही, आधी पाणी प्यायचं, असं ठरवलं. सुटलेल्या कडांवर हात ठेवला तर कापड कधी कधी गार लागे. ते थंडीमुळे असेल. मला ते थंडीमुळे वाटलं नाही.

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा सुरू झाली आणि बसगाड्या तिकडे वळल्या. एका शुक्रवारी फाट्यावर सव्वा तास उभं राहून मी बाराच्या सुमाराला घरी आलो. दार उघडंच होतं. आबा खाटेवर बसले होते. मांडीवर गोधडी, बाजूला वाटीत कोमट पाणी, हातात जुन्या बनियनची चिंधी. चिंधी बुडवायची, पिळायची, कडेवर ठेवायची. थोडं थांबायचं. मग नखाने कड उचलायची आणि ओलं कापड वाळावं म्हणून त्यावर फुंकर मारायची. आईने भाकरीवर मारावी तशी हलकी.

एक्याऐंशी वर्षांचा माणूस. मी वहीत "घर रिकामं" असं लिहीत होतो, तेव्हा ते दर वेळी घरातच होते. त्यांना मी एकदाही विचारलं नव्हतं.

"लवकर उना," ते म्हणाले.

"गाडी नही भेटनी." मी चपला काढल्या. "आबा, कसाले सोडी ऱ्हायनात?"

त्यांनी चिंधी वाटीत ठेवली. "तुनी फुई काय सांगे ते तुले आयकू उनं. माले बी आयकू उनं."

"काय?"

"पुरी व्हयनी म्हणजे ती जाई."

बाहेर केळीच्या गाड्या जात होत्या. मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलो. रागवावं असं काही उरलं नव्हतं. मी ही गोधडी एका तारखेसाठी पुरी करत होतो, आणि ते त्याच तारखेसाठी ती सोडत होते.

"सगळ्या तुम्हीच सोडल्यात?"

"लाल मी सोडं. जांभयं मी सोडं." ते थांबले. "हिरवं नही. हिरवाले मी हात लावत नही."

हिरवी साडी नेसून ती दवाखान्यात गेली होती. साडी परत आली ती पिशवीत, घडी करून. पेटीतल्या सतरापैकी तीन तुकडे हातातच फाटले, त्यांच्या जागी मी त्या साडीचे तीन कापले होते. वहीत मी पाहिलं. हिरवे तुकडे पाच वेळा सुटल्याची नोंद होती.

पुढच्या मंगळवारी ताईंना विचारलं. त्यांनी हिरवं कापड चुरगाळून पाहिलं. मिक्स धागा आहे, असा धागा खळ पीत नाही, म्हणाल्या. ते पटण्यासारखं होतं. फक्त त्यांच्याच फळीवर चिकटवलेला हिरवा तुकडा तासाभराने त्यांनाच सोडवता आला नाही. त्या हसल्या आणि दुसऱ्या बाईकडे वळल्या.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून काम केलं. आबा कापड ताणून धरत, मी टाका घालत असे. आईने चिकटवलेले अठ्ठावीस तुकडे तिच्या ठशांवरूनच शिवावे लागले. सुई प्रत्येक ठशातून जात होती. एकदा सकाळी मी हिरवा तुकडा चिकटवला, इस्त्री ठेवली, आणि आम्ही दोघं मागच्या ओसरीत जेवायला बसलो. एकमेकांसमोर, एका ताटाच्या अंतरावर. परत आलो तेव्हा हिरव्याची कड उचललेली होती. वाटी नव्हती, चिंधी नव्हती, कापड कोरडं होतं.

आबांनी त्या कडेवरून बोट फिरवलं.

"शिवी टाक," ते म्हणाले. "आते शिवी टाक."

मी खळ न लावता, कड बोटाने धरून शिवली. टाका वाकडा आला. तसाच ठेवला.

माघ लागला. छप्पन्न तुकडे झाले. गोट राहिला. तो आईच्या काळ्या चंद्रकळेचा काढला. पट्टी समोरून शिवली, मागे उलटून खळीवर बसवली, तीन कोपरे मोडले, इस्त्री केली, टाका घातला. चौथ्या कोपऱ्याशी आलो तेव्हा श्राद्धाला दोन दिवस होते. आबांनी गोधडीवर हात ठेवला.

"एवढा ऱ्हावू दे."

"आबा, फुई तपासणार."

"तपासू दे. चिटकाडेल ऱ्हावू दे. दोरा नको घालू."

चार बोटं लांबीचा भाग. चिकटवलेला असला तर बघणाऱ्याला पुरी दिसेल. टाका नसला तर ती पुरी नाही. अख्खी गोधडी धुवायची होती, तेही मग राहिलं, कारण पाण्यात ती चार बोटं उघडली असती. मी खळ शिजवली. चमचा उलटा धरून रेघ ओढून पाहिली. बुजली नाही. कोपरा दुमडला आणि आबांना म्हटलं, तुम्ही दाबा. त्यांनी अंगठ्याने दाबला. त्यांचा अंगठा थरथरतो, म्हणून ठसा दुहेरी उमटला.

श्राद्धाच्या दिवशी पानं वाढून झाल्यावर फुईने गोधडी मागितली. चार बायका बाजूला बसल्या होत्या. फुईने गोटावरून बोट फिरवायला सुरुवात केली. पहिली बाजू, दुसरी, तिसरी. हिरव्या तुकड्यावरचा वाकडा टाका पाहून म्हणाली, "हाऊ तुनाच हात शे, सांगानी गरज नही." बायका हसल्या. मग बोट चौथ्या कोपऱ्यावर आलं आणि थांबलं. तिने नख घातलं. गोटाची कड किंचित उचलली गेली. दोरा नाही, हे तिला कळलं. सत्तर वर्षं सुई धरलेली बाई, तिला न कळण्याचा प्रश्न नव्हता.

आबा भिंतीशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

फुईने स्वतःचा अंगठा जिभेला लावला, कोपऱ्यावर ठेवला आणि दाबून धरला. बराच वेळ. मग गोधडीची घडी घातली आणि बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुरी व्हयनी."

गोधडी आबांच्या खाटेवर असते. धुता येत नाही म्हणून महिन्यातून एकदा उन्हात टाकतो आणि घड्यांत कडुनिंबाचा पाला ठेवतो. कोपरा अधूनमधून उघडतो. कधी आबांच्या उशाशी वाटी असते, कधी नसते. मी वहीत लिहिणं बंद केलं आहे. सकाळी चहा झाला की त्याच गॅसवर चमचाभर पीठ शिजवतो, कोपरा दुमडतो आणि आबांना हाक मारतो.