गादीवर धरायला माती नसते

मी चौथीतून शाळा सोडली. पण कुस्ती मला कुणी शिकवायची नाही, असं आयुष्यभर म्हणत आलो. सोनगीरच्या दंगलीत जिंकलेला पितळी हंडा आमच्या घरात अजून पाण्याला आहे. पाहुणा आला की त्याला त्यातलंच पाणी देतो आणि हंडा कुठून आला ते तो विचारेल म्हणून थांबतो. नाही विचारलं तर आपणच सांगतो.

नातीला कुस्ती मीच शिकवली, गावच्या तालमीत, लाल मातीत. पहिल्या दिवशी सांगितलं ते एवढंच, की समोरची भारी पडली तर पालथं पडायचं, पाय फाकवायचे, छाती मातीला चिकटवायची आणि धरून राहायचं. वरच्याचा दम जातो. पाठ लागत नाही तोवर कुस्ती जिवंत असते. असं धरून मी भलेभले दमवलेले आहेत.

पुढे ती धुळ्याला गादीवर सरावाला जाऊ लागली. तिथले सर मला म्हणाले, "आबा, गादीचे नियम वेगळे."

मी म्हणालो, "पाठ तर तीच ना?"

सर शिट्टी वाजवत पोरींकडे वळले. मला वाटलं, मी जिंकलो.

मग अमळनेरला खुली स्पर्धा झाली. नात पुढे होती. समोरची आमच्याच जिल्ह्यातली, उंच, लांब हातांची. तिने नातीचा पाय पकडला आणि मी बाकावर उभा राहून ओरडलो, "पालथी पड! धरून ऱ्हाय!"

पोर तिथल्या तिथे पालथी पडली. उंच पोरीने वरून कमरेला दोन्ही हातांचा विळखा घातला आणि तिला गुंडाळीसारखी फिरवली. पाठ गादीकडे वळली की गुण. पंचाने दोन बोटं दाखवली. परत फिरवली, परत दोन. परत. शिट्टी झाली तेव्हा नात उताणी होऊन छताकडे बघत होती.

मी पंचाकडे गेलो. "पाठ कुठे टेकली? दाखवा मला!" लोक हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "आबाले उतारा रे गादीवर!" सरांनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

एसटीत ती खिडकीशी बसली. मी म्हणालो, "तू धीर सोडलास."

"आबा, तिथे धरायला माती नव्हती. मी काय धरू?" ती माझ्याकडे बघतही नव्हती. "सर ओरडत होते, ऊठ ऊठ. पण तुमचा आवाज आला आणि अंग आपोआप पडलं."

नरडाणा आलं, गेलं.

घरी माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या बापाने, ऐकून घेतलं आणि सांगितलं, "आता धुळ्याला जिल्ह्याची निवड आहे. संघात आली तर खेळेल. नाही आली तर कुस्ती बंद, बारावी करायची." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि आबा, तुम्ही येऊ नका."

मी ताटावरून उठलो. माझ्याच हंड्यातलं पाणी प्यालो आणि ते गोड लागलं नाही.

सकाळी ओट्यावर गोधड्या अंथरल्या. नातीला हाक मारली. "मला तसं फिरव."

"आबा, हाडं मोडतील."

"माझी आहेत. मोडू दे."

मी पालथा पडलो. छाती चिकटवली, पाय फाकवले, बोटं रोवायला गेलो. गोधडी गोळा होऊन हातात आली. कमरेला विळखा बसला. मला आधी पत्र्याचं छप्पर दिसलं, मग ओट्याची फरशी, मग परत छप्पर.

"दोन," ती म्हणाली. आणि थांबली नाही. "चार."

गल्लीतली सगळी माणसं थांबून बघत होती. माझी बायको दारात आली. "हाई काय चाली ऱ्हायनं? बठ्ठी गल्ली देखी ऱ्हायनी!"

"शिकी ऱ्हायनू," मी म्हणालो. गोधडीत तोंड होतं म्हणून म्हणता आलं.

"या वयमा?" ती म्हणाली आणि तेलाची वाटी आणायला आत गेली.

मग मी पोरीला विचारलं, काय करायचं असतं? तिने सांगितलं की पडल्या पडल्या गुडघे आत घ्यायचे, कोपरं बरगडीला लावायची आणि उठायचं. पडून राहायचंच नाही. मला ते पळपुटेपणाचं वाटलं. तरी रोज सकाळी आम्ही ओट्यावर उतरलो. कधी मी खाली, तर कधी ती खाली आणि विळखा माझा. मी ढिला सोडला तर ती चिडायची.

निवडीला मी गेलोच. मुलगा शेजारी बसला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून. "आवाज नको," एवढंच म्हणाला. मी उपरण्याचं टोक दातात धरलं.

शेवटची कुस्ती त्याच उंच पोरीशी आली, जिंकेल ती संघात. नात तीन गुणांनी पुढे होती आणि वेळ संपत आला होता. तेवढ्यात तिचा पाय उंच पोरीच्या हातात गेला. ती पालथी पडली. पाडल्याचे दोन गुण तिकडे. आता एक फिरवणं, की सगळं संपलं.

माझा शब्द दातापर्यंत आला. खाली तिची बोटं गादीवर पसरत होती, माती शोधत होती. ते मीच शिकवलेलं होतं. उंच पोरीचे हात कमरेखाली एकमेकांना भेटत होते. मुलाची बोटं माझ्या गुडघ्यात रुतली. मी उपरणं चावलं.

नातीने मुठी मिटल्या. कोपर आत ओढलं. एक गुडघा आत आला, मग दुसरा. पाठीवर पोर घेऊनच ती उठायला लागली. अर्धी उठली, झटका देऊन विळखा सोडवला आणि समोर उभी राहिली. शिट्टी वाजली तेव्हा ती उभीच होती, एका गुणाने पुढे.

सरांना भेटून ती आमच्याकडे आली. ओठ फुटला होता.

"आबा, तुमचा आवाज नाही आला. होते ना तुम्ही इथे?"

"पाणी प्यायला गेलो होतो," मी म्हणालो.

मुलाने माझ्या उपरण्याच्या ओल्या, चावलेल्या टोकाकडे पाहिलं. तेच टोक मी नातीच्या ओठाला लावलं.