घणाखालची जमीन

आमच्या घरात जमिनीवर काही आपटायचं नाही. शेंगदाण्याचा कूट मिक्सरमध्येच करायचा, आणि मिक्सरसुद्धा चौपदरी गोधडीवर ठेवायचा. नारळ पायरीवर नाही, हातात धरून कोयत्यानं फोडायचा. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे दगडमातीच्या कोसळलेल्या माळवदाखालून आईला बाहेर काढलं तेव्हा ती चौथीत होती. शेजारी झोपलेली तिची धाकटी बहीण वाचली नाही. तेव्हापासून कुठं दणका झाला की आईची दातखीळ बसते. शेजाऱ्यांनी एकदा गच्चीवरून सिमेंटची गोणी खाली टाकली, तर तिला औशाच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

आणि अशा बाईच्या पोटी जन्मून मी नांदेडला भूगर्भशास्त्र शिकायला गेले. लोकांना वाटतं पोरगी धाडसी आहे. कसलं काय! ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पाठ करून मला बसवत नाही, एवढंच.

पहिलं वर्ष बरं गेलं. खनिज शोधायचं म्हणजे आधी चालायचं, दगड फोडून बघायचा, नकाशावर खूण करायची. नायगावकडच्या माळावर गुलाबी ग्रॅनाइट हातात घेऊन मी खुशीत फिरले. मग विजेची पद्धत आली. जमिनीत सळया रोवायच्या, वीज सोडायची, ती किती अडते त्यावरून खाली काय आहे याचा अंदाज बांधायचा. त्यात आवाज नव्हता, म्हणून मला ती फार आवडली.

तिसरी पद्धत घणाची. जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवून तिच्यावर घण मारायचा. ओळीनं रोवलेले जिओफोन तो हादरा टिपतात, आणि खालच्या कठीण खडकावरून तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. सर फळ्यावर हे समजावत होते आणि मला आईच दिसत होती. आमच्या लातूर भागात मातीखाली सगळीकडे काळा खडक पसरलेला. तो कुठं किती खोल आहे हे जागोजागी खणून कोण बघणार? म्हणून असं ठोकून विचारायचं. सरावासाठी जागा ठरली ती नेमकी आमच्याच गावचं गायरान.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "ग्रामपंचायतीनं परवानगी दिली म्हनून मी काय बोलत न्हाई. पन तुझ्या मायला काही झालं, तर पुस्तकं गुंडाळायची आन् घरी यायचं." बाबा उगाच बोलत नाहीत. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तोड निघाली ती अशी, की भावानं आईला सकाळीच लातूरच्या बसमध्ये बसवून मामीकडे पाठवायचं. तसं त्यानं बसवलं. आम्ही गायरानात वायरी पसरल्या. कामाला सुरुवात म्हणून आम्हाला घेऊन आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरनं दगडावर नारळ फोडला, तर मी दचकून दोन पावलं मागं सरले. सगळे हसले. घण पाळीपाळीनं मारायचा होता. माझी पाळी आली आणि समोर बघते तर रस्त्यावरून आई येतेय. बसमध्ये कुणीतरी गायरानातल्या घणाचं बोललं, तशी औशातच उतरून ती परतीच्या जीपनं आली होती.

मी पुढं धावले. "माय, तू इथं कशाला आलीस?"

"घन कोन हाननार हाय?"

"मी."

"मंग हान की. कुठं हाननार?"

मी प्लेट दाखवली. ती प्लेटीशेजारी मांडी घालून बसली आणि दोन्ही तळवे जमिनीवर टेकले. मी सरांकडे गेले, हळू आवाजात सगळं सांगितलं. सर आईला म्हणाले, "ताई, जरा लांब बसता का?" आई म्हणाली, "मी हालत न्हाई सर. पोरीला करू द्या."

घण खाली ठेवला तर तिची भीती खरी ठरते. मारला आणि तिची दातखीळ बसली, तर दवाखाना औशाला, आणि माझं शिक्षण तिथंच संपलं. आईनं डोळे मिटले. मी घण उचलला आणि मारला.

धप्प. पायातून हादरा वर आला. आईच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, दात आवळलेले. मी घण टाकून तिच्याजवळ बसले, खांदे धरले. ती थरथरत होती. मला वाटलं, गेलं सगळं. मग तिनं सावकाश श्वास सोडला आणि डोळे उघडले. मागं सर यंत्राच्या स्क्रीनवरची उडालेली रेघ पोरांना दाखवत होते. "छान आलंय. अजून तीनचार घाव लागतील."

आईनं माझ्याकडे बघितलं. "त्या पहाटं घन कुनी हानला व्हता गं?"

भूकंप का होतो, यावर मला परीक्षेत पैकीच्या पैकी गुण होते. त्यातलं एकही वाक्य न सांगता मी म्हणाले,

"कुनीच न्हाई, माय."

"आपसूक झालं?"

"हाव."

तिनं जरा विचार केला. "मंग परत बी व्हईल."

मी होकारार्थी मान हलवली. पुढच्या घावासाठी सरांनी हात वर केला, सगळे गप्प झाले. आईनं तळवे पुन्हा जमिनीवर टेकले आणि ती माझी वाट बघत बसली. माझे हात मात्र घण उचलायला तयार होईनात.