जप्तीतला नारळ

आमच्या गावच्या तलावातल्या माशांना पावसाळ्यात सरकारी संरक्षण असतं. विणीचा काळ म्हणून मासेमारी बंद. हे बाबांनाही मान्य होतं. माशांनी अंडी घातली नाहीत तर पुढे जाळ्यात काय येणार, शेवाळ? तक्रार नियमाबद्दल नव्हती, मोटरसायकलवर बसून येणाऱ्या साहेबाबद्दल होती.

आम्ही ढीमर. आखाडीला आमच्यात जाळ्याची पूजा होते. जाळं तलावावर न्यायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि जाळ्याचा एक कोपरा पाण्यात बुडवून परत यायचं. त्या वर्षी नेमका त्याच वेळी मत्स्य विभागाचा निरीक्षक बालाघाटहून येऊन उभा राहिला. त्यानं जाळं चाचपलं.

"गीला है. मतलब डाला है."

"साहेब, पूजा करून राह्यलो," बाबा म्हणाले. "मासा कुठं हाय, दाखवा ना."

मासा नव्हताच, म्हणून पुरावा म्हणून नारळ जप्त झाला. दोन्ही भकलं जाळ्यात गुंडाळली, वर सुतळी बांधली, सुतळीवर लाखेचं सील. घरात तेवढंच एक मोठं जाळं होतं, आईबाबांनी उन्हाळाभर ओसरीत बसून विणलेलं. बंदी उठेपर्यंत ते धड परत आलं नाही, तर बाबांना दुसऱ्याच्या जाळ्यावर रोजीनं जावं लागणार होतं. त्या माणसाचा मला इतका राग आला की रस्त्यानं कुणाचीही मोटरसायकल दिसली तरी माझं तोंड वाकडं व्हायचं.

बाबा कार्यालयात खेपा घालू लागले. हिंदी बोलायला मी सोबत असायची. साहेब कधी लामत्याला दौऱ्यावर, कधी जेवायला गेलेले. एकदाचे भेटले.

"साहेब, जाळं राहू द्या, पण नारळ तेवढा काढा," बाबाच बोलले. "उंदीर लागतीन."

"सील कैसे तोड़ूँ? सबूत है."

"मंग सबूत तुमीच खाऊन टाका जी. परसादच हाय."

साहेब रागावले नाहीत. सल्ला त्यांना पटण्यासारखा होता, पण सील आडवं आलं.

बंदी उठली, जाळं सोडायचा हुकूम निघाला. सील अगदी शाबूत होतं. आत करवंट्या उरल्या होत्या आणि जाळ्याला डोकं जाईल एवढी भोकं पडली होती. निरीक्षकानं एका भोकात हात घालून पाहिला.

"अच्छा हुआ. अब छोटी मछली निकल जाएगी. नियम यही कहता है."

घरी बाबांनी जाळं अंगणात पसरलं. आईनं पदर डोळ्यांना लावला. मी चिडून रडले. त्या मोसमात बाबा दुसऱ्याच्या जाळ्यावर गेले आणि परत आले की आपलं जाळं सांधत बसले. भोकं काही सरत नव्हती.

एका रविवारी निरीक्षक पिशवी घेऊन दारात आला. घरी पाहुणे होते म्हणे, एखादी मोठी रोहू हवी होती. बाबांनी त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मग अर्धवट सांधलेलं जाळं उचलून त्याच्यासमोर धरलं. भोकातून बाबांचा अख्खा चेहरा दिसत होता.

"होती ना जी, मोठीच होती," बाबा म्हणाले. "नियमानं निघून गेली."