गाडी कोणाची ते सांगा

"नंबर वाचा," मी म्हणाले.

लहानूभाऊंनी डोळे किलकिले केले आणि रस्त्यापलीकडच्या टेम्पोचा नंबर एम.एच.पासून शेवटच्या आकड्यापर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. अडचण एवढीच की नंबर प्लेटच्या पुढ्यात म्हैस उभी होती. म्हैस हलल्यावर मी जाऊन पाहिलं. एकही आकडा चुकला नव्हता.

"म्हशीच्या आरपार वाचलात का हो?"

"मॅडम, तो काशिनाथचा टेम्पो. त्याचा नंबर वाचायला कशाला लागतो?"

डहाणूत माझा दवाखाना आहे. लायसन्सच्या मेडिकलसाठी लोक माझ्याकडे येतात. चाळिशी ओलांडली असेल किंवा प्रवासी गाडी चालवायची असेल, तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. फॉर्म वन-ए म्हणतात त्याला. हातपाय नीट चालतात का, ऐकू येतं का, लाल-हिरवा ओळखता येतो का, आणि पंचवीस मीटरवरून गाडीचा नंबर वाचता येतो का, हे सगळं तपासायचं. अक्षरांचा तक्ता मी भिंतीवरून केव्हाच काढून टाकला. रिक्षा स्टँडवर तो खालच्या बारीक ओळीसकट सगळ्यांना पाठ झाला होता. म्हणून ही खऱ्या गाडीची परीक्षा. समोरच्या चिकूच्या गोडाऊनचं फाटक दारापासून बरोबर तेवढ्या अंतरावर आहे आणि तिथे सतत काही ना काही लोड होत असतं.

लहानूभाऊ डहाणू-तलासरी काळी-पिवळी जीप चालवतात. लायसन्स संपत आलं होतं आणि विवळवेढ्याची महालक्ष्मीची यात्रा तोंडावर होती. यात्रेच्या दिवसांत जीपवाल्यांना जेवायला फुरसत नसते. तेव्हाच गाडी दारात उभी राहिली, तर वर्षाचं गणितच कोसळतं. त्यामुळे त्यांना सर्टिफिकेट हवं होतं, ते आज आणि आत्ता.

"दुसरी गाडी येऊ दे," मी म्हणाले.

वळणापलीकडे एक गाडी खडखडली. लहानूभाऊ रस्त्याकडे पाठ करून चपला घालत होते. तशाच अवस्थेत म्हणाले, "जी.जे. पंधरा." पुढचे आकडेही सांगितले. मग गाडी दिसली. वरोरची मच्छी रोज गुजरातेत नेणारा टेम्पो होता.

"अहो, बघून सांगायचं, ऐकून नाही!"

"मग ऐकायची टेस्ट पण झाली ना मॅडम? तिकडे टिक करा."

टिक करावीच लागली. कान ठणठणीत होते. पण एव्हाना माझंही डोकं तापलं होतं. मी सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, जाड मार्करने त्यावर मनाला येईल तो नंबर लिहिला आणि आमच्या कंपाउंडर मंगलाताईंना फाटकाशी जाऊन तो धरायला सांगितला. त्या पुठ्ठा छातीशी धरून ताठ उभ्या राहिल्या.

लहानूभाऊंनी पाहिलं. मान उजवीकडे केली, डावीकडे केली. एक डोळा मिटला.

"मंगलाताई, हलू नका!"

"मी कुठे हलतेय?" मंगलाताई तिकडून ओरडल्या.

मग लहानूभाऊ माझ्याकडे वळले आणि अगदी शहाण्या चेहऱ्याने म्हणाले, "गाडी कोणाची ते सांगा. नंबर मी सांगतो."

मला हसू फुटलं आणि दुसऱ्याच क्षणी ते विरलं. मागच्या महिन्यात मी आणि माझे मिस्टर याच माणसाच्या जीपने तलासरीला लग्नाला जाऊन आलो होतो. मी तर जाताना झोपलेही होते.

"लहानूभाऊ, तुम्हाला चष्मा लागलाय."

"मॅडम, रस्ता मला पाठ आहे."

"समोरून येणारा माणूस पाठ आहे का?"

मग हळूच खरी गोष्ट बाहेर आली. चष्मा लागल्याचा संशय त्यांनाही होता. पण स्टँडवर चष्मेवाल्या ड्रायव्हरच्या गाडीत कोणी बसत नाही. पॅसेंजर म्हणतात, याला दिसत नाही, आणि मागच्या जीपमध्ये जाऊन बसतात. मला त्यांची दया आली. तरी सही केली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. लहानूभाऊ रागारागाने निघून गेले.

दोन दिवसांनी परत आले, काळ्या दोरीने बांधलेला चष्मा घालून. मंगलाताईंनी नवा पुठ्ठा धरला. लहानूभाऊंनी तो वाचला आणि वर म्हणाले, "मंगलाताईंच्या साडीवर मोर आहेत!" मी सर्टिफिकेट दिलं.

यात्रेला मी मुद्दाम त्यांच्याच जीपने निघाले. चढता चढता वरोरच्या एक आजी, हातात नारळाची पिशवी, थबकल्या.

"लहानू, चष्मा कधी लागला तुला?"

"परवा."

"मग परवापर्यंत आमाला कसा नेत होता रे?"

आत बसलेले दोघं पॅसेंजर उतरून मागच्या जीपकडे गेले. लहानूभाऊंनी आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघू लागले. आजी मात्र बसल्या. पुढची सीट मिळत होती, ती त्यांना सोडवेना.

गाडी निघाली आणि नवंच संकट उभं राहिलं. लहानूभाऊंना खड्डे दिसू लागले होते. प्रत्येक खड्ड्यापाशी ब्रेक, प्रत्येक खड्ड्याला वळसा. "केवढे खड्डे आहेत हो या रस्त्याला!" ते दर वेळी नव्याने म्हणत. मागची जीप हॉर्न देत पुढे निघून गेली.

"डॉक्टरबाई, हा चष्मा तुमीच लावला ना?" आजी कावल्या. "देवळात पोचेपर्यंत काढून घ्या."

तेवढ्यात ब्रेक लागला. इथे खड्डा नव्हता. लांब पुढे, उसाच्या रसाच्या गाड्याच्या आडून एक लहान मुलगी फुग्यामागे धावत रस्त्यावर आली, फुगा पकडला आणि परत पळाली. जीप तिच्यापासून बरीच अलीकडे उभी होती.

आजींनी पदराच्या टोकाने लहानूभाऊंच्या चष्म्याची एक काच पुसली, मग दुसरी. "चल आता," त्या म्हणाल्या. "सावकाश चल."

त्या यात्रेत लहानूभाऊंच्या फेऱ्या नेहमीपेक्षा कमी झाल्या, पण गाडी रिकामी गेली नाही. पुढची सीट आजींनी येतानाही धरली.

ड्रायव्हरला किती दिसतं, एवढं मी सर्टिफिकेटवर लिहून देते. त्याला दिसतंय हे पॅसेंजरला पटवून देणं माझ्या हातात नाही.