‘मला’ म्हणायचं राहून गेलं

मी राळेगावला कॉलेजात इंग्रजी शिकवतो, आणि दर वर्षी त्या जुन्या शोकांतिकांचा धडा आला की माझं डोकं फिरतं. परवाही फिरलं. बापाचा खून झालाय, खुनी समोर आहे, कमरेला तलवार आहे आणि नायक आपला अंकामागून अंक विचारच करतोय, हे मी रंगवून सांगत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. "सर, एवढा इचार कायले करते तो? बदला घ्याचा तं घेऊन टाकाचा ना!" वर्ग खो खो हसला. मी तिच्यावर खेकसलो, "बदला घेणं म्हणजे काय वांगी घेणं वाटलं का तुला?" बिचारी खाली बसली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं होतं माझं, बावीस वर्षांपूर्वी, यवतमाळला, नाटकाच्या विंगेत उभं असताना.

तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. खोलीत माझ्यासोबत एक दोस्त राहायचा, बाभुळगावाकडच्या बंजारा तांड्यावरचा. घरी गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, आणि पुस्तकातली मराठी फक्त पेपर लिहायपुरती. त्याच्या आईनं बसच्या कंडक्टरजवळ पाठवलेल्या भाकरी मी त्याच्यापेक्षा जास्त खाल्ल्या असतील. तो नुसता हसायचा. "खाय ना बे, तुह्यासाठीच जास्ती टाकते ते."

स्नेहसंमेलनासाठी आमच्या सरांनी दोन-तीन इंग्रजी शोकांतिका कापून-जोडून एक मराठी नाटक रचलं. सूड, भूत, विष, शेवटी चार मढी, सगळं होतं. राजपुत्राचं काम मलाच मिळणार हे मी धरूनच चाललो होतो. माझे वडील शाळामास्तर, माझी मराठी अगदी इस्त्री केलेली. वाचनाच्या दिवशी सरांनी आम्हा दोघांना एकच भाषण म्हणायला लावलं. मी खणखणीत म्हटलं. मग तो उठला, आणि त्याचा आवाज लागला तसे सर खुर्चीतून पुढे सरकले. काम त्याला गेलं. मला मिळाली वही, म्हणजे प्रॉम्प्टिंग. वर आणखी एक हमाली. "याचं 'मले' तेवढं 'मला' करून घे," सर म्हणाले. "राजपुत्र 'मले' म्हणाला तर लोक हसतील."

केलं मी तेही. महिनाभर रोज घोटून घेतलं, पण त्याची जीभ काही वळेना. शेवटी आम्ही एक तोड काढली. मोठ्या भाषणाआधी त्यानं विंगेकडे एकदा पाहायचं आणि मी हळूच "मला" म्हणायचं. तेवढं कानावर पडलं की पुढचं सगळं भाषण शुद्ध यायचं.

मनात काय चाललं होतं ते सांगायची लाज वाटते, पण आता लपवून काय करू? मी त्याला शिकवत होतो आणि त्याच वेळी तो पडावा म्हणून टपलोही होतो. एकदा कँटीनमध्ये चारचौघांत बोलून गेलो, "पाहतोच, कसा राजपुत्र होतो तो!" मग जिवाला इतकं लागलं की खोलीवर जाताना त्याच्यासाठी गरम आलुबोंडे नेले. तो मिटक्या मारत खात होता आणि मी स्वतःला शिव्या घालत होतो. दुसऱ्या दिवशी तालमीत सर त्याला "वा!" म्हणाले, आणि माझं पित्त पुन्हा खवळलं.

नाटक दुपारचं होतं. टिनाच्या छपराचा हॉल, पाय ठेवायला जागा नाही. त्याचे आई-वडील एसटीनं आले होते. तिसऱ्या अंकात खुनी काका पाठमोरा बसला होता आणि खंजीर उपसून राजपुत्र त्याच्या मागे उभा राहिला. तिथंच ते मोठं भाषण होतं. त्यानं विंगेकडे पाहिलं.

दोन अक्षरं द्यायची होती मला, जास्त नाही. देऊ? का राहू देऊ? आईशप्पथ सांगतो, ओठावर आली होती. आणि मी ओळ हरवल्यासारखं वहीत डोकं खुपसलं. तो पाहतच होता. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. मी मान वर केली नाही. मग त्याचा आवाज आला, "मले समजून नाही राह्यलं, याले मारू का सोडून देऊ!"

हॉल फुटला! शिट्ट्या काय, टाळ्या काय, "मार ना बे लवकर" काय. त्यानं सगळं भाषण तसंच, वऱ्हाडीतच, शेवटपर्यंत म्हटलं. लोक कशाला हसतात हे त्याच्या आईला कळेना. इकडेतिकडे पाहून शेवटी तीही हसली. ते हसणं मला अजून विसरता येत नाही.

तो मला एका शब्दानं बोलला नाही. परीक्षा झाली, गादी गुंडाळली, शेतीवर निघून गेला. त्यानंतर मला पुष्कळ मित्र मिळाले, चांगले मिळाले, पण "काय बे" म्हणून पाठीत धपका घालणारा कोणी मिळाला नाही. बाभुळगावावरून बस गेली की मी खिडकीला नाक लावतो. कापसाच्या गाडीवर बसलेला कोणीही उंच माणूस दिसला की बस पुढे गेली तरी मान वळवून पाहतो. त्याचा नंबर सहा वर्षांपासून मोबाइलमध्ये आहे. रोज वाटतं, लावावा. त्याची इतकी आठवण येते की कधी कधी त्याचाच राग येतो.

पोरीवर खेकसलो त्याच आठवड्याच्या रविवारी मी तांड्यावर गेलो. तो अंगणात सोयाबीन वाळत घालत होता. केस पिकलेत, आवाज तोच. "काय बे, सर झाला म्हणे!" खाट टाकली, चहा सांगितला. चहा येईपर्यंतही मला धीर धरवेना. म्हटलं, "त्या दिवशी मी मुद्दाम बोललो नाही."

"मालूम आहे मले," तो म्हणाला. "कँटीनमंधलं बी मले त्याच दिवशी समजलं होतं. मी म्हटलं, नाही, तो असा नाही करत."

चहा आला. माझा कप त्यानं माझ्यापुढे सरकवला.

"अन् 'मला' मले येत होतं रे. आठ दिवस आंधीच पाठ झालतं."

"मग म्हटलं का नाहीस?"

"तुह्या तोंडून आयकाचं होतं. वाट पाह्यली. तू बोललाच नाही, मंग कायले म्हणू?"

मी "मला..." म्हणालो, तेवढंच.

"लय उशीर केला बे तू," तो म्हणाला.