रोशेलच्या मागच्या दारातले गमबूट

रोशेल ऑलप्रेसच्या घरात कोण आहे आणि कोण बाहेर, हे कुणाला विचारावं लागत नसे. मागच्या दारात, पत्र्याच्या छपराखाली, गमबूट ओळीत उभे असत. आधी तिच्या नवऱ्याचे, म्हणजे ब्लेअरचे, मग तिचे, मग फिनचे आणि शेवटी धाकट्या बिलीचे पिवळे. बूट जागेवर म्हणजे माणूस घरात. बूट नाहीत म्हणजे माणूस शेतावर. आमच्या रस्त्यावर सगळ्यांच्याच मागच्या दारात बूट असतात, पण कसेही पडलेले, एक पालथा, एकात मांजर. रोशेलने मात्र भिंतीवर रंगाने प्रत्येकाचं पहिलं अक्षर काढून जागा नेमून दिली होती. कुणी बूट भलतीकडे काढले की हातातलं काम टाकून ती दारात येई.

"बूट कुणाचे हे? जागेवर ठेव आधी. मग खायला."

"लष्करात लग्न केलंय मी," ब्लेअर माझ्याकडे बघून म्हणायचा.

लष्कर नव्हतं ते. भीती होती, आणि ती कशाची हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

रोशेल शेतावरची नव्हे, शहरातली. जवळच्या हावेरात लोकांचे केस कापायची. माझे केस वर्षानुवर्षं तिनेच कापले. लग्न होऊन ती आमच्या शेजारी राहायला आली त्याच हिवाळ्यात तिने गोठ्यामागचं तळं पाहिलं. गोठा धुतला की शेण, मूत, पाणी सगळं त्या तळ्यात जातं. त्यावर जाड साय धरते, सायीवर गवत उगवतं, आणि लांबून तो कुरणाचाच तुकडा वाटतो. एक-दोन वर्षांनी त्यांचा म्हातारा कुत्रा सशामागे धावत त्या गवतावर गेला आणि वर आलाच नाही. फिन तेव्हा रांगत होता. तळ्याभोवती एक विजेची तार होती, पण ती गाईंसाठी. मुलाला तिच्याखालून जायला वाकावंसुद्धा लागलं नसतं.

"ब्लेअर, जाळी कधी लावणार?"

"या आठवड्यात."

"कुठल्या वर्षातल्या?"

ब्लेअर आळशी नव्हता. शेत दुसऱ्याचं, गाई याच्या. कुंपण मालकाने घालायचं की याने, हे दोघांचं ठरत नव्हतं. मालक चांगला माणूस, पण फोन उचलत नसे. कुंपण होईना, म्हणून रोशेलने बुटांवर भिस्त ठेवली. दर थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरातून मागच्या दारावर नजर टाकी. बोलता बोलता, भांडी घासता घासता. तिला ते करताना कळतही नसावं.

आमच्याकडे जुलै म्हणजे भर हिवाळा, आणि त्यातली सुट्टी सगळ्यांत अवघड. शाळा बंद होतात आणि नेमक्या त्याच सुमारास गाई व्यायला लागतात. पाऊस थांबत नाही, डोंगर दिवसेंदिवस ढगातून बाहेर येत नाही, शेगडीभोवती ओले मोजे वाळत असतात आणि मुलं एकमेकांच्या जिवावर उठलेली असतात. आईबाप गोठ्यात, कोपरापर्यंत गाईच्या पोटात. त्या वर्षी भरीला ऑकलंडहून ब्लेअरच्या बहिणीची इस्ला आलेली, सात वर्षांची, नव्याकोऱ्या लाल गमबुटांसह. ते बूट इतके चकचकीत होते की पहिल्या दिवशी ती त्यांना चिखल लागू देईना. बिली तिच्यामागून चालायची ती त्या बुटांकडेच बघत.

बिली पाच वर्षांची, आणि तिचं ते वासराचं पहिलंच वर्ष. इथल्या शाळांतली मुलं हिवाळ्याच्या सुट्टीत एकेक वासरू निवडतात. त्याला बाटलीने पाजतात, दोरीने चालायला शिकवतात, आणि वसंतात शाळेच्या मैदानावर घासूनपुसून मिरवायला नेतात. त्या सकाळी ब्लेअर तिला वासरांच्या गोठ्यात घेऊन गेला आणि म्हणाला, "निवड." तिने कपाळावर पांढरा ठिपका असलेलं एक काळं वासरू निवडलं. ते लगेच तिची बोटं चोखायला लागलं.

"तो गोऱ्हा आहे गं," ब्लेअर म्हणाला. "गोऱ्हे आपण ठेवत नाही. कालवड घे. ही बघ, किती छान आहे."

"बरं," बिली म्हणाली.

हे मला रोशेलने नंतर सांगितलं. म्हणाली, "मोया, ती 'बरं' म्हणाली ना, तेव्हाच मला खटकायला हवं होतं. माझी मुलगी कधी एका शब्दात 'बरं' म्हणालीय?"

नको असलेले गोऱ्हे रस्त्याच्या फाटकाशी एका छपराच्या कोंडवाड्यात ठेवतात. दुपारनंतर कत्तलखान्याचा ट्रक येतो आणि घेऊन जातो. मुलांपासून हे कुणी लपवत नाही, फार समजावूनही सांगत नाही. घरापासून फाटक लांब आहे, मधे झाडांची रांग आहे, तिथलं इकडे काही दिसत नाही.

दुपारी मी भोपळ्याच्या सुपाचं पातेलं घेऊन गेले. सुट्टीत एक दिवसाआड मी काहीतरी करून नेते, कारण त्या दिवसांत त्या घरात उभ्याउभ्या ब्रेड सोडून कुणी काही खात नाही. रोशेल नुकतीच एका अशक्त वासराला नळीने चीक पाजून आली होती. केसांत पेंढा, बाहीवर चीक वाळलेला. फिन आणि इस्ला टीव्हीपुढे एका गोधडीत.

"बिली कुठंय?" रोशेलने विचारलं.

"असेल आत," फिन मान न वळवता म्हणाला.

"तुला लक्ष ठेवायला सांगितलं होतं."

"ठेवलंय की. ती बोअर होतेय म्हणाली."

रोशेलने दाराकडे बघितलं. पिवळे बूट जागेवर होते, दोन्ही, टाचा भिंतीला लावून. तिचे खांदे खाली आले. "आतच आहे," ती मला म्हणाली. "रुसून बसली असेल. सकाळी वासरावरून झालंय."

आम्ही दोघी शोधायला लागलो, पण सहज, सूप गरम होईपर्यंत. पलंगाखाली नाही. पडद्यामागे नाही. गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात आमच्याकडची सगळी मुलं कधी ना कधी लपतात, तिथे टॉवेलच होते. रोशेल हाका मारत होती, आधी लाडाने, मग नाव पूर्ण घेऊन.

"बिली जोसेफिन ऑलप्रेस! आता पुरे झालं!"

धुण्याची टोपली उपडी केली. मोठ्या फ्रीजरचं झाकण तिने उघडलं, आत बघितलं आणि बंद केलं. बघताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी परत दारात गेले. पिवळे बूट तिथेच. थंडी एवढी होती की बिनबुटांचं मूल अंगणापलीकडे गेलं नसतं. म्हणून आम्ही पुन्हा त्याच खोल्या बघितल्या. त्याच पलंगांखाली. माळ्यावरही फिनला चढवलं.

रोशेलने ब्लेअरला फोन लावला. त्याच्याकडे गोठ्यातला पाण्याचा पंप चालू होता, त्यामुळे तोही ओरडत होता आणि ऐकू मलाही येत होतं.

"तुझ्याकडे आहे बिली?"

"माझ्याकडे? घरी नाही का?"

"घरीच आहे. बूट इथे आहेत."

"मग घरीच असेल!"

फोन ठेवून ती तशीच उभी राहिली. सूप उतू गेलं. मी गॅस बंद केला. बाहेर पावसाचा जोर वाढला होता आणि उजेड उतरायला लागला होता.

इस्ला गोधडीतून उठून आली. मोज्यांवर, केस विस्कटलेले. "रोशेल आंटी, मी पण बिलीला शोधायला बाहेर जाऊ?" ती दारापर्यंत गेली आणि परत आली. "माझे बूट कुठे गेले?"

त्या बुटांना भिंतीवर जागा नव्हती. पाहुणीचे बूट ते, ओळीच्या बाहेर, कोपऱ्यात ठेवलेले. आम्ही दोघींनी ती ओळ कितीदा बघितली असेल, पण कोपऱ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

रोशेलने स्वतःचे बूटसुद्धा घातले नाहीत. मोज्यांवरच धावली, अंगणाच्या फाटकावरून उडी मारून, सरळ तळ्याकडे. मी फिनला म्हटलं, "इस्लाला घेऊन इथेच बस, जागचा हलू नकोस," आणि तिच्यामागे निघाले. माझं धावणं ते काय, कुंपणाला धरत धरत.

मी पोचले तेव्हा ती तारेपलीकडे होती. पावसाने साय जागोजाग फाटली होती. तळ्याच्या कडेपासून जरा आत, गवताच्या एका पुंजक्यापाशी, काहीतरी लाल दिसत होतं. अर्धं आत, अर्धं वर.

"रोशेल, थांब!" मी ओरडले. "ब्लेअरला येऊ दे!"

ती थांबली नाही. गुडघ्यापर्यंत गेली, मग एकदम कमरेपर्यंत. तिथून तिला पुढेही जाता येईना आणि मागेही. हात लांब करून ती त्या लाल वस्तूकडे जात होती, आणि प्रत्येक वेळी थोडी खाली जात होती. मी नमो मरियाची प्रार्थना म्हणायला लागले आणि अर्ध्यात शब्दच विसरले. आयुष्यभर रोज म्हणत आले ते शब्द, शाळेत सिस्टरांनी छडी घेऊन पाठ करून घेतलेले.

फोननंतर पंप बंद करून ब्लेअर घराकडे निघालाच होता; आम्हाला बघून त्याची बाइक तळ्याकडे वळली. अडलेल्या गाईचं वासरू ओढायची दोरी त्याच्या खांद्यावरच होती. त्याने एक टोक बाइकला बांधलं आणि दुसरं फेकलं. "धर! रो, दोरी धर!"

"आधी ती!"

"दोरी धर!"

तिची बोटं त्या लाल वस्तूला लागली. तिने ती ओढून वर काढली. वासरांच्या दुधाच्या बादलीचं झाकण होतं, कधीतरी वाऱ्याने उडालेलं.

तिने ते छातीशी धरलं. ब्लेअरने तिला ओढून काठावर आणलं तेव्हाही ते तिच्या हातातच होतं. तो तारेवर वाकून तळ्याकडे बघत होता, कोपऱ्याकोपऱ्यात, साय कुठे फाटली आहे ते. पावसाने सगळीकडेच फाटली होती. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

तेवढ्यात रस्त्याकडून हॉर्न वाजला. थांबून थांबून, पुन्हा पुन्हा. ब्लेअर चिडून म्हणाला, "आत्ता नको रे बाबा!" मग त्यालाच काहीतरी उमजलं. त्याने मान वर केली.

हॉर्न थांबला, आणि जरा वेळाने झाडांच्या रांगेतून ट्रकवाला तामा चालत येताना दिसला. तामा म्हणजे धिप्पाड माणूस, दारातून जाताना तिरका होणारा. त्याचं जाकीट त्याच्या अंगावर नव्हतं. ते बिलीच्या अंगावर होतं, जमिनीला टेकलेलं, आणि त्याखालून लाल बुटांचे पुढचे भाग दिसत होते. बिलीचा एक हात मागे होता. त्या हाताची बोटं चोखत पांढऱ्या ठिपक्याचा गोऱ्हा मागून येत होता.

"कधीचा हॉर्न मारतोय," तामा लांबूनच म्हणाला. "तुमच्या पंपापुढे ऐकू कुठलं येतंय! ही कोंडवाड्यात बसलेली. याच्या गळ्यात हात टाकून. म्हणते, हा भरायचा नाही. म्हटलं, कुणाला विचारू? म्हणते, कुणालाच नको विचारूस." मग त्याने रोशेलला नीट बघितलं, कमरेखाली काळी झालेली, आणि त्याचं हसू गेलं. "अरे देवा."

रोशेल चिखलात गुडघ्यांवर बसली. बिलीला तिने जवळ घेतलं नाही, आधी चाचपलं. डोकं, कान, हात, पुन्हा डोकं.

"मम, तुला घाण वास येतोय," बिली म्हणाली.

"आम्ही तुला शोधत असू, हे कळलं नाही तुला?"

"कळलं."

"मग?"

"घरी आले असते तर तामाने याला नेलं असतं."

ब्लेअरने तोंड फिरवलं आणि हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. तामा खिशातून भिजलेला कागद काढून म्हणाला, "आज किती भरायचे होते ते काही वाचता येत नाहीये, बुवा. पावसाने शाई गेली. तुमचा एखादा कमी भरला तर मला कळायचं नाही."

"त्या गोऱ्ह्याचं मी करू काय?" ब्लेअर म्हणाला.

"गवत खाईल," रोशेल म्हणाली. "शाळेत मिरवू देत नसतील तर नाही मिरवायचा."

गोठ्याच्या नळाखाली ब्लेअरने तिला धुतलं, त्या थंडीत, अंगातल्या कपड्यांसकट. दात वाजत असताना ती त्याला एकच वाक्य म्हणाली. मी टॉवेल धरून उभी होते म्हणून ऐकलं. "मालकाला फोन करू नकोस. नुसती जाळी लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढून झाल्याबरोबर खांब ठोकल्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात आला. तामा सुट्टी घेऊन मदतीला आला होता. फिनला त्यांनी जाळी धरायला उभं केलं होतं. त्याने कुरकुर केली नाही. रात्रभर तो आईच्या मागेमागे होता म्हणे. पाऊस मी रोज मोजून लिहिते. त्या दिवशी मोजायचा राहिला.

मी दुपारी गेले तेव्हा जाळी पूर्ण झाली होती, माणसाच्या छातीएवढी, फाटकाला वरून कडी. मागच्या दारात बूट ओळीत होते. भिंतीवर एक नवीन अक्षर होतं, इस्लाचं, रंग अजून ओला. पण रोशेल दारात नव्हती. ती तळ्याकाठी होती, बिलीला कडेवर घेऊन. पाच वर्षांचं घोडं कडेवर. एका हाताने ती प्रत्येक खांब धरून जोरात हलवत होती, पुढे जात होती, पुन्हा हलवत होती. ब्लेअर हातोडा खाली ठेवून बाइकवर बसून बघत होता.

"मम, मला खाली सोड ना," बिली म्हणाली.

"नाही."

पलीकडच्या कोपऱ्यात ती थांबली. तो खांब तिने दोनदा हलवला.

"ब्लेअर, हा हलतोय."

एरवी तो म्हणाला असता, बघू नंतर. त्याने हातोडा उचलला आणि तिच्याकडे चालायला लागला.